आरसीसीबी सारखा पडतोय? आधी पक्कड खाली ठेवा

सकाळची पावणेसातची वेळ. मिक्सरमध्ये चटणी, बाथरूममध्ये गीझर, हॉलमध्ये इस्त्री, आणि अचानक सगळं गार. आपण सवयीने गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. त्यांच्याकडे लाईट आहे. खालच्यांकडे आहे. फक्त आपल्याकडे नाही. दारामागच्या डीबीचं, म्हणजे ब्रेकरच्या डब्याचं, झाकण उघडावं तर सगळे एमसीबी शहाण्यासारखे वर, आणि एकच रुंद ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, ज्यावर 'टी' लिहिलेलं बारकं बटण असतं, तो मान टाकून खाली. वर करावा तर मुकाट राहतो. एक दिवस, दोन दिवस. मग पुन्हा पावणेसात आणि पुन्हा अर्धवट वाटलेली चटणी.

आमच्याकडे नाशिकला गेल्या हिवाळ्यात हे सात आठवडे चाललं. त्यातले सहा आठवडे मी ते 'दुरुस्त' करत होतो. खरा दोष सापडायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती चाळीस मिनिटं माझी नव्हती.

पडलंय काय, ते आधी बघा

अरुंद एमसीबी पडला असेल तर गोष्ट सोपी: त्या लाईनवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे किंवा शॉर्ट आहे. एमसीबी वायरला वाचवतो. रुंद आरसीसीबी माणसाला वाचवतो. जुनी मंडळी त्याला ईएलसीबी म्हणतात, आमचे वायरमन नुसतंच 'ट्रिपर' म्हणतात. दोघांचं काम वेगळं, त्यामुळे पडण्याची कारणंही वेगळी. इथेच पहिली गल्लत होते. आरसीसीबी पडला की आपण म्हणतो 'लोड जास्त झाला', आणि एक पंखा बंद करतो.

आरसीसीबी लोड मोजत नाही, हिशेब बघतो. फेजच्या वायरने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. वाण्याच्या वहीसारखं, जमा तितका खर्च. मधे कुठे थोडासा करंट तिसऱ्याच वाटेने, म्हणजे अर्थिंगच्या वायरने, ओल्या भिंतीतून किंवा एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की वहीत तूट दिसते. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढी तूट दिसली की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो, तूट मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. प्रत्यक्षात १५ च्या पुढे कुठेही पडायची त्याला मुभा असते. म्हणून चार उपकरणांची चार-चार मिलिअँपिअरची गळती एकत्र आली तरी तो पडू शकतो, आणि एकेक तपासलं तर चौघंही निर्दोष निघतात.

एवढ्याशा करंटने काय होतं, असं वाटेल. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन, किती करंटला माणसाला ती सोडता येत नाही, हे मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आली, बायकांची साडेदहाच्या. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि मूठ आपली राहत नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या माणसाचा रोध हजार ओहमच्या घरात धरला तर भागाकार तुम्हीच करा. मी तो सहा आठवडे केला नाही.

दुरुस्ती पहिली: मिक्सरला फाशी

आमच्या घराला दुरुस्तीची परंपरा आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सुतळी, सायकलची ट्यूब आणि एमसील यांच्या बाहेर जगात काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. प्रेशर कुकरचं हँडल, चष्म्याची दांडी आणि एकदा आजीची कवळी, सगळं त्यांनी एमसीलने बसवलेलं आहे. कवळी टिकली, म्हणून ही परंपरा माझ्यापर्यंत पोचली.

तर मिक्सर चालू केला की ब्रेकर पडतो, हे घरात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आरोपी सापडला. मी मिक्सर उघडला, कार्बन ब्रश बदलले, तीन स्क्रू उरले ते डबीत ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी मिक्सर लावल्यावर ब्रेकर पडला. मग मिक्सर दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "यात काही नाही, पण आतले तीन स्क्रू नाहीत." मग नवा मिक्सर आला. पाच दिवस शांततेत गेले आणि सहाव्या दिवशी नव्या मिक्सरनेही ब्रेकर पाडला. तेव्हा अण्णा म्हणाले, "दोन्ही मिक्सर एकाच घरात बिघडतात म्हणजे दोष घरात आहे." हे वाक्य त्या सात आठवड्यांतलं एकमेव शास्त्रशुद्ध निरीक्षण होतं. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

दुरुस्ती दुसरी: ब्रेकरच भित्रा आहे

यानंतर माझं मत झालं की आरसीसीबी उगाचच पडतो. २०१९ साली स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी नवा डीबी बसवला होता. त्याच्याआधी पंचवीस वर्षं काही पडत नव्हतं. अर्थातच, पाडणारंच कुणी नव्हतं. पण रागात एवढा विचार कोण करतो?

मी ब्रेकरच्या दांडीला चिकटपट्टी लावून पाहिली. उपयोग शून्य, कारण आतली यंत्रणा दांडी धरून ठेवली तरी सुटते, तशीच बनवलेली असते. मग इलेक्ट्रिकलच्या दुकानात जाऊन म्हटलं, ३० च्या ऐवजी ३०० मिलिअँपिअरचा द्या, म्हणजे जरा सहनशील होईल. दुकानदाराने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ते आग लागू नये म्हणून असतं. माणसासाठी ३०. घरात माणसं आहेत ना?" त्याच्याकडे शिल्लक होता की नाही माहीत नाही, पण त्याने दिला नाही. पुढे काय झालं ते वाचलंत की कळेल, त्या माणसाचे उपकार किती आहेत.

दुरुस्ती तिसरी: हिरवी वायर

आता खरा पराक्रम. कुणीतरी सांगितलं की गीझर संशयास्पद असतो, थंडीत बरेचदा तोच असतो. इथवर बरोबर होतं. मी गीझरचा पंधरा अँपिअरचा थ्री-पिन टॉप उघडला. आत लाल, काळी, हिरवी. मला आठवलं, आरसीसीबी अर्थमध्ये करंट गेला की पडतो. मग अर्थची वायरच काढली तर करंट जाणार कुठे? हिरवी वायर काढली, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि टॉप पुन्हा बसवला. बसवताना लाल कुठे होती आणि काळी कुठे, हे जरा विसरायला झालं. म्हटलं, एसी करंट आहे, दिशा सेकंदाला पन्नासदा येते-जाते, गीझरला काय फरक पडतो?

संध्याकाळी गीझर, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन एकदम लावून पाहिलं. ब्रेकर हलला नाही. मी घरात दोन फेऱ्या मारल्या, उगाचच. अण्णांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही आंघोळीला गेली. आमच्या बाथरूमला गच्चीवरून येणारी लाईन नवी प्लास्टिकची आहे, पण गीझरपासून नळापर्यंतचा भिंतीतला तुकडा अजून जुन्या लोखंडी पाइपाचा. तिने गरम पाण्याच्या नळाला हात लावला. आतून एक किंचाळी आली आणि त्याच क्षणी घरभर अंधार. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा उजवा हात डाव्या हाताने धरलेला होता. ती एवढंच म्हणाली, "नळ चावला."

ब्रेकर पडला होता. ज्याला मी सहा आठवडे शिव्या देत होतो, पट्टीने बांधत होतो, ज्याच्या जागी दहापट सहनशील बसवायला निघालो होतो, तो. हाताला मुंग्या दुपारपर्यंत होत्या, म्हणून डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून आणला. तो नॉर्मल आला. घरातलं वातावरण नॉर्मल यायला जास्त दिवस लागले.

मग वायरमन आले

परवानाधारक, साठीचे, खांद्याला पिशवी. त्यांनी डीबीला हातही लावला नाही. थेट बाथरूममध्ये गेले, टॉप काढला, उघडला आणि टेप गुंडाळलेल्या हिरव्या वायरकडे बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

"आधीच्या भाडेकरूने," मी म्हणालो.

"अहो, बिल्डिंग झाली तेव्हापासून आपणच राहतोय," आतून आवाज आला.

त्यांनी पिशवीतून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढला. हाताने फिरवायचा, लाकडी खोक्यासारखा, ५०० व्होल्टचा. आपण मल्टीमीटरने बघतो तेव्हा तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर हळूच विचारतो, मेगर दरडावून विचारतो. बारीक गळती त्यातच कळते. त्यांनी घरातल्या लाईन एकेक तपासल्या, सगळ्या मेगओहमच्या वर. गीझरच्या कॉइलला लावला आणि काटा शून्याकडे झुकला. "कॉइल गेली."

मग गीझर उतरवून त्यांनी कॉइल बाहेर काढली. बोअरच्या पाण्याने तिच्यावर इतका क्षार चढला होता की ती कॉइल न वाटता खडूच्या कांड्यांचा गठ्ठा वाटत होती. शेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीच्या ऐवजी स्वतः झिजायची. तिची फक्त तार उरली होती. क्षाराचा थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही, वरची नळी जास्त तापते आणि कुठेतरी बारीक तडा जातो. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड त्या तड्यातून ओल ओढून घेते. आमचा तडा न्यूट्रलच्या टोकाजवळ होता. सगळं गूढ ह्या एका गोष्टीत होतं.

न्यूट्रल म्हणजे शून्य, असं आपण धरून चालतो. घरात भार वाढला की न्यूट्रल जमिनीच्या मानाने दोन-चार व्होल्ट वर उचलला जातो. नुसता गीझर चालू असताना त्या तड्यातून थोडीच गळती व्हायची. त्यात मिक्सर आणि इस्त्री आली की न्यूट्रल आणखी उचलला जायचा, परतीचा थोडा करंट तड्यातून अर्थच्या वायरने पळायचा आणि वहीत तूट यायची. म्हणून पावणेसात, आणि म्हणून मिक्सर! बिचारा मिक्सर फक्त शेवटची काडी होता. आणि मी टॉपमध्ये लाल-काळी उलटी बसवली तेव्हा तोच तडा फेजच्या टोकाला आला. अर्थची वायर आधीच काढलेली. म्हणजे टाकी, लोखंडी पाइप आणि नळ, सगळ्यावर २३० व्होल्ट, आणि जमिनीत जायला वाट कोणती? नळाला हात लावेल ती.

वायरमनमामांनी हे इतकं सविस्तर सांगितलं नाही. ते म्हणाले, "अर्थ काढली की ट्रिपर आंधळा होतो. मग त्याला माणूस दिसेपर्यंत काही दिसत नाही." नवी कॉइल, नवी मॅग्नेशियमची कांडी, नवा टॉप आणि मजुरी मिळून खर्च नव्या मिक्सरपेक्षा कमी आला. मिक्सर आता दोन आहेत.

तुमच्याकडे कसं शोधायचं

यात कुठेही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. लागला तर समजा तुम्ही पुढे गेलात.

आधी चार-पाच दिवस नोंद ठेवा. आम्ही ती उशिरा सुरू केली, कालनिर्णयच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात: किती वाजता पडला, त्या क्षणी काय चालू होतं, बाहेर पाऊस होता का. आठवणीवर विसंबू नका, आठवण नेहमी मिक्सरचंच नाव घेते. पावसाळ्यातच पडत असेल तर गच्चीवरचा दिवा, दाराबाहेरची बेल, गॅलरीतला पॉइंट, पंपाचं कनेक्शन, म्हणजे जिथे जिथे ओल पोचते ते आधी संशयात घ्या. थंडीच्या सुरुवातीला पहिल्यांदाच गीझर लावल्यावर पडला तर उन्हाळा-पावसाळा पडून राहिलेल्या कॉइलने ओल ओढली असण्याची शक्यता मोठी.

पुढचं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळे तिथेच चुकतात: उपकरणांचे टॉप सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. आपल्या बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आमच्यासारखा न्यूट्रलच्या बाजूचा दोष असेल तर बंद असलेला गीझरसुद्धा ब्रेकर पाडतो. बटण बंद आहे म्हणून आपण त्याला यादीतून वगळतो आणि मग निरपराध माणसं पकडत बसतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, टीव्ही, वायफायचा डबा, चार्जर, सगळं काढा. हात कोरडे, पायात चप्पल, आणि टॉप काढण्याआधी बटण बंद. गीझर किंवा एसी थेट वायरने जोडलेला असेल, टॉपच नसेल, तर त्याला हात लावू नका, वायरमनला सांगा.

आता ब्रेकर वर करा. सगळं काढल्यावर दोन दिवस राहिला तर दोष उपकरणात आहे. रोज एकेक परत लावत जा आणि प्रत्येकाला निदान एक पूर्ण दिवस द्या. घाई केलीत तर पाचवं लावल्यावर पडेल आणि दोषी दुसरं असेल. जे लावल्यावर पडला, ते पुन्हा काढा, बाकी सगळं राहू द्या. दोन दिवस शांत गेले तर तोच चोर. एकटं कुणीच पाडत नसेल आणि सगळी मिळून पाडत असतील तर मघाशी म्हटलं तसं गळतीची बेरीज होते आहे. तेव्हा लाईन दोन आरसीसीबीवर वाटून घेणं हा उपाय असतो, पण तो वायरमनने करायचा.

सगळे टॉप काढूनही पडतोय? मग सगळे एमसीबी खाली करा आणि फक्त आरसीसीबी वर ठेवा. तरीही पडला तर घाबरू नका, आणि 'ब्रेकर खराब' असंही लगेच म्हणू नका. साधा एमसीबीसुद्धा फेजच तोडतो. भिंतीतल्या वायरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी चिकटले असतील तर तो दोष एमसीबीच्या पलीकडेही जिवंत राहतो. गंमत अशी की अशा वेळी तुमच्या घरात काहीच चालू नसताना, खालच्यांनी एसी लावला म्हणून तुमचा ब्रेकर पडू शकतो, कारण न्यूट्रल बाहेरून सामायिकच येतो. इथून पुढचं काम मेगरचं. एकेक न्यूट्रल सुटा करून बघावा लागतो आणि त्यासाठी डीबी उघडावा लागतो. मेन खाली केला तरी त्याच्या वरच्या बाजूला येणारी वायर जिवंतच असते. तिथे तुम्ही आणि मी हात घालायचा नाही.

'टी'चं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर ब्रेकर पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदलून घ्या. पण हे बटण फक्त ब्रेकरची आतली यंत्रणा तपासतं. घरातलं अर्थिंग धड आहे की नाही हे ते सांगत नाही. अर्थची वायर काढून ठेवली त्या रात्री मी ते बटण दाबलं होतं. ब्रेकर छान पडला होता.

मेव्हण्यांकडची आवृत्ती

आमच्या मेव्हण्यांकडे उलट प्रकार झाला. दिवाळीत पॅसेजमध्ये एक दिवा वाढवला, स्वतःच. फेज हॉलच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून बेडरूमच्या बोर्डातून. दिवा लागला, फोटो निघाले. त्यांच्या घरात दोन आरसीसीबी आहेत, हॉलचा वेगळा आणि बेडरूमचा वेगळा. दिवा लावला की एकाच्या वहीत पैसे गेलेले दिसतात आणि परत आलेले नाहीत, दुसऱ्याच्या वहीत न गेलेले पैसे परत येतात. मोठ्या दिव्याला दोघेही एकदम पडायचे. मेव्हण्यांनी उपाय म्हणून दिवा लहान वॅटचा लावला. एलईडी होता, त्यामुळे चाललंही. मग त्याच पॉइंटवर कुणीतरी इस्त्री लावली.

इन्व्हर्टर बसवताना हाच घोळ फार वेळा होतो. नवीन इन्व्हर्टर आल्यापासून ब्रेकर पडायला लागला असेल तर उपकरणं तपासत बसू नका, न्यूट्रल कुणाचा कुणाला लागलाय ते बघायला सांगा.

टेस्टरबद्दल दोन शब्द

खिशातला निऑनचा टेस्टर हे मराठी घरातलं आवडतं निदानयंत्र आहे. 'टेस्टर पेटला म्हणजे करंट आहे, नाही पेटला म्हणजे नाही.' यातला दुसरा भाग ऐकून माणसं मेलेली आहेत. भर उन्हात तो पेटलेला दिसत नाही. आपण लाकडी स्टुलावर उभे असलो तर तो फिका पडतो. आतला निऑन गेला असेल तर कधीच पेटत नाही. आणि न्यूट्रल मधेच तुटला असेल तर दोन्ही भोकांत पेटतो, मग आपण म्हणतो 'डबल फेज आलाय'. डबल फेज वगैरे काही नसतो. चालू असलेल्या पंख्यातून फेजच फिरून मागे येतो. टेस्टर वापरायचाच असेल तर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटमध्ये लावून बघा, मग हव्या त्या ठिकाणी, मग परत पहिल्या ठिकाणी.

मी पाहिलेल्या आणि पुन्हा पाहायच्या नसलेल्या दुरुस्त्या

सॉकेटला अर्थ नाही म्हणून अर्थची पिन न्यूट्रललाच लूप केलेली. हे फार घरांत असतं आणि वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एक दिवस न्यूट्रलचा जॉइंट सैल होतो आणि वॉशिंग मशीनचा पत्रा उपकरणातून फिरून आलेल्या फेजवर उभा राहतो.

किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी वायरमधली तांब्याची तार तिहेरी पिळून. "परत उडायला नको." उडणार नाहीच, त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळेल.

दोन किलोवॅटच्या गीझरला पंधरा-ते-पाच कन्व्हर्टर. दोन किलोवॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, लहान सॉकेट सहाचं. आमच्या शेजारच्या काकांकडे ते प्लास्टिक वितळून सॉकेटला असं चिकटलं होतं की अण्णांनाही कौतुक वाटलं. इतकं घट्ट एमसील बसत नाही.

मायक्रोवेव्ह. त्याच्या आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असतो. टॉप काढून ठेवल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. झाकणाचे स्क्रू दिसतात तेवढ्यावरून उघडू नका. मीटरचं सील आणि गॅसचा रेग्युलेटर हे तर बोलायचेसुद्धा विषय नाहीत, तरी आमच्या ओळखीत एकाने गळका रेग्युलेटर साबणाच्या वडीने लिंपला होता.

शॉक लागलेल्या माणसाला धरून ओढायचं नाही, हे घरात मुलांपासून अण्णांपर्यंत सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगून ठेवा. आधी मेन खाली. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या काठीने वायर दूर. मग माणूस शुद्धीत असला तरी दवाखाना.

आता आमचा ब्रेकर पडत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ही स्वतः 'टी'चं बटण दाबते, मी कॉम्प्युटरवर काही लिहीत असताना, न सांगता. पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहेत. टेस्टर तिच्या शिवणाच्या डब्यात आहे आणि डब्याला कुलूप आहे. अण्णा म्हणतात, ते कुलूप साधं आहे, दोन मिनिटांत उघडेल.